सैन्य वेळेवर उभं करणारी माणसं : फिनलंडचं स्वयंसेवी संरक्षण दल, १९१८ ते १९३९

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, फिनलंडच्या हिवाळी युद्धाबद्दल पुष्कळ बोललं जातं. ३० नोव्हेंबर १९३९ ला सोव्हिएत फौजा सीमा ओलांडून आत आल्या, १०५ दिवस लढाई चालली आणि १३ मार्च १९४० ला ती थांबली. बर्फातले स्कीवाले सैनिक, जंगलात तुकडे तुकडे करून वेढलेल्या सोव्हिएत डिव्हिजन, हे सगळं तुम्ही वाचलेलं असेल. मी आज त्याच्या आधीच्या एकवीस वर्षांबद्दल बोलणार आहे. जेमतेम ३७ लाख वस्तीचा देश, पूर्वेला हजार किलोमीटरहून लांब सीमा आणि शांततेच्या काळात अगदी छोटं खडं सैन्य. अशा देशाने पहिली गोळी सुटण्याआधी आपलं सगळं रणसैन्य मोर्च्यांवर नेऊन बसवलं होतं. हे ज्यांच्यामुळे जमलं, त्यांतली बरीच माणसं शेतकरी, शाळामास्तर, दुकानदार, टेलिफोन जोडणाऱ्या मुली आणि गृहिणी होती. त्यांच्या संघटनेचं नाव सुओयेलुस्कुंता, म्हणजे संरक्षण दल. तिच्या जोडीला स्त्रियांची लोट्टा स्वार्ड ही संघटना होती.

स्वयंसेवी दल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बंदूक घेऊन पुलावर उभा असलेला गावकरी येतो. फिनलंडच्या बाबतीत हे चित्र फारसं खरं नाही. युद्ध सुरू झालं तेव्हा सुओयेलुस्कुंताच्या वेगळ्या पलटणी करून त्या आघाडीवर पाठवल्या नाहीत. दलातला लढण्याच्या वयाचा माणूस नियमित सैन्याच्या रेजिमेंटमध्ये राखीव सैनिक म्हणून गेला, शेजाऱ्यासोबत, त्याच कंपनीत. दलाचं मोठं काम त्याआधीच झालेलं होतं. माझ्या मते स्वयंसेवी दलाची किंमत त्याने स्वतः किती लढाया मारल्या यावरून ठरवू नये. नियमित सैन्याचे किती दिवस वाचवले यावरून ठरवावी.

आधी थोडा इतिहास, कारण पुढचे सगळे प्रश्न त्यातून निघतात. रशियन साम्राज्य कोसळत होतं तेव्हा, १९१७ मध्ये, गावोगाव रखवालदार दलं उभी राहिली. एका बाजूला जमीनदार, शेतकरी, मध्यमवर्ग. दुसऱ्या बाजूला कामगारांची लाल दलं. ६ डिसेंबर १९१७ ला देश स्वतंत्र झाला. २५ जानेवारी १९१८ ला सरकारने पहिल्या गटाच्या दलांना सरकारी सैन्य म्हणून मान्यता दिली आणि लगेच यादवी पेटली. सेनापती मॅनरहाइम यांच्या नेतृत्वाखाली पांढरी, म्हणजे सरकारी, बाजू जिंकली. लढाई, फाशी-गोळ्या आणि तुरुंगछावण्यांतली उपासमार मिळून पस्तीस हजारांहून अधिक माणसं गेली. त्या विजयी बाजूच्या दलांनाच पुढे ऑगस्ट १९१८ च्या आदेशाने आणि मग डिसेंबर १९२७ च्या कायद्याने कायमचं रूप मिळालं. राष्ट्राध्यक्ष हे सर्वोच्च, त्यांच्या हाताखाली दलाचा स्वतःचा सेनापती. १९२१ पासून १९४४ पर्यंत ते पद एकाच माणसाकडे राहिलं : लाउरी माल्मबेर्ग. खाली जिल्हे, जिल्ह्यांखाली गावोगावची स्थानिक दलं. युद्धाच्या तोंडावर पुरुष सदस्य लाखाच्या वर आणि लोट्टाही साधारण तेवढ्याच. ३७ लाखांत हे प्रमाण किती मोठं आहे ते बघा.

पैसा दोन वाटांनी येई. काही भाग सरकारी अंदाजपत्रकातून, बाकीचा लोकांनी जमवलेला : सोडती, नाचाचे कार्यक्रम, जत्रेतली विक्री, सिनेमाचे खेळ. गणवेश सदस्याने स्वतःच्या खर्चाने शिवायचा. वरवर बघता ही काटकसर वाटेल, पण ऑक्टोबर १९३९ मध्ये हेच गणवेश सोन्याच्या मोलाचे ठरले. त्याकडे मी नंतर येतो.

आता मुख्य मुद्दा. सैन्याची जमवाजमव म्हणजे नेमकं काय होतं? आघाडीवर फौज पाठवणं हा तिचा शेवटचा टप्पा. त्याआधी हजारो माणसांना निरोप पोचवायचा, ठरलेल्या जागी जमवायचं, कपडे-बूट-शस्त्र द्यायचं, तुकड्या पाडायच्या, अधिकारी नेमायचे, घोडे आणायचे, रेल्वेत चढवायचं. १९३४ च्या आधी फिनलंडमध्ये जुनी पद्धत होती. खड्या सैन्याच्या प्रत्येक तुकडीने फुगायचं. म्हणजे शांततेतली पलटण आपले अधिकारी आणि हवालदार वाटून देणार, त्यांच्याभोवती राखीव माणसं भरणार आणि एका तुकडीच्या दोन-तीन होणार. कागदावर ही रचना सुबक दिसते. तिचं दुखणं असं की शत्रू सीमेवर येण्याची शक्यता सर्वांत जास्त ज्या आठवड्यात, त्याच आठवड्यात तुमचं प्रशिक्षित सैन्य बराकीत बसून याद्या वाचत आणि बूट वाटत असणार. सीमा कोण धरणार? शिवाय सगळी गर्दी मोजक्या छावण्यांत आणि रेल्वे स्टेशनांवर. दोन बॉम्बहल्ल्यांत सगळा कार्यक्रम कोलमडू शकतो.

मॅनरहाइम १९३१ मध्ये संरक्षण मंडळाचे अध्यक्ष झाले. त्यानंतरच्या काळात क्षेत्रीय पद्धत ठरली आणि १९३४ च्या मे महिन्यात लागू झाली. देशाचे नऊ सैनिकी प्रांत, त्यांत मिळून २७ सैनिकी जिल्हे. हिशोब सरळ होता : प्रत्येक जिल्ह्याने एक पायदळ रेजिमेंट उभी करायची, प्रत्येक प्रांताने एक डिव्हिजन. फिनिश डिव्हिजन कागदावर सुमारे १४ हजार माणसांची. यामुळे खडं सैन्य या कामातून मोकळं झालं. ते संकटाच्या पहिल्या दिवशी सरळ सीमेवर जाऊन आडोशाची फळी धरणार आणि तिच्यामागे जिल्ह्याजिल्ह्यांत रणसैन्य उभं राहणार. पण मग जिल्ह्यात हे काम करणार कोण? एका जिल्ह्याच्या कचेरीत शांततेच्या काळात मोजकेच अधिकारी आणि कारकून. इथे सुओयेलुस्कुंताने भार उचलला. दलाचे जिल्हे सैनिकी जिल्ह्यांशी जुळवून घेतले आणि गावपातळीवरचं काम दलाकडे आलं.

ते काम जवळून बघू. गावातल्या स्थानिक दलाकडे तीन प्रकारचा मजकूर ताजा ठेवावा लागतो : कोण कुठे राहतो, गोदामात काय आहे, जनावरं आणि गाड्या कुणाकडे किती आहेत. माणसांची यादी एकदा करून कपाटात ठेवली की सहा महिन्यांत ती खोटी होते. माणूस लाकूडतोडीच्या कामावर दुसऱ्या परगण्यात जातो, कारखान्यात लागतो, आजारी पडतो, मरतो. सरकारी दप्तराला हे उशिरा कळतं. शेजाऱ्याला त्याच दिवशी कळतं. स्थानिक दलाचं बळ इथे होतं. निरोप्याने कुठल्या घरी जायचं, ते घर रस्त्यापासून किती आत आहे, बर्फात तिथे स्कीवरून जावं लागतं का, घरचा माणूस नसेल तर निरोप कुणाकडे ठेवायचा, हे आधी ठरलेलं असेल तरच निरोप रात्रीतून पोचतो. फोन होते, पण विखुरलेल्या वस्तीत प्रत्येक घरी नव्हते, म्हणून माणूस पाठवण्याची तयारी ठेवावीच लागे.

जमण्याच्या जागा म्हणजे गावची शाळा, दलाचं स्वतःचं सभागृह, मोठी शेतघरं. शाळा निवडण्यामागे कारण आहे : खोल्या मोठ्या, शेगड्या आहेत, विहीर आहे आणि रस्ता सगळ्यांना माहीत. एका ठिकाणी एका कंपनीपेक्षा जास्त माणसं गोळा न करण्यात दुहेरी फायदा. विमानांना मोठं लक्ष्य मिळत नाही आणि जेवणाची सोय गावाच्या भांड्याकुंड्यांत भागते.

घोड्यांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण वाचक रणगाडे आणि विमानं मोजतात आणि घोडे विसरतात. फिनलंडचं रणसैन्य घोड्यांवर चालत होतं. तोफा, दारूगोळा, रणस्वयंपाकाची चूल, जखमींची घसरगाडी, सगळं घोडा ओढणार. हे घोडे शेतकऱ्यांचे. म्हणून यादीत नुसता ‘घोडा एक’ असं चालत नाही. वय किती, ओझं ओढतो की नाही, पाय धड आहेत का, त्याच्या मापाचा साज आहे का, सोबत घसरगाडी देता येईल का, हे सगळं हवं. साज नसलेला घोडा जमवाजमवीच्या जागी आणला की तो फक्त वैरण खातो. दुसऱ्याचा साज बसवला की खांद्याला जखम होऊन आठवड्यात निकामी. हिवाळ्यात बर्फावर चालायला नालांना टोकदार खिळे लागतात, ते ठोकायला नालबंद लागतो आणि तोच नालबंद राखीव सैनिक म्हणून पहिल्या दिवशी निघून गेलेला असतो.

या नालबंदाच्या उदाहरणात सगळ्या स्वयंसेवी दलांचा गाभ्याचा अडथळा आहे. एकच माणूस दोन याद्यांत. स्थानिक दलाचा प्रमुख बहुधा राखीव अधिकारी. जमवाजमव तो चालवणार, पण ती पुरी व्हायच्या आत त्याला स्वतःच्या कंपनीत हजर व्हायचं आहे. टेलिफोन केंद्र सांभाळणारा, रेल्वेचा सिग्नलवाला, ट्रकचालक, सगळ्यांचं तेच. उपाय एकच आणि तो कंटाळवाणा आहे : प्रत्येक कामावर असा दुसरा माणूस आधीच नेमायचा, ज्याला सैन्यात बोलावणं येणार नाही. वय उलटलेला, शारीरिक कारणाने सूट मिळालेला, किंवा स्त्री. आणि त्या दुसऱ्या माणसाला शांततेत ते काम करून बघू द्यायचं. फिनलंडमध्ये युद्ध लागल्यावर गावातलं दल वयस्क पुरुष, पोरं आणि लोट्टा यांच्या हाती गेलं आणि तरीही चाललं.

हे सगळं युद्धाच्या आधी का करायचं? ज्यांनी आधी केलं नाही त्यांच्याकडे बघा. ब्रिटनमध्ये १४ मे १९४० ला, जर्मन फौजा हॉलंड-बेल्जियममध्ये घुसल्यावर, युद्धमंत्री अँथनी ईडन यांनी रेडिओवरून स्थानिक स्वयंसेवकांना हाक दिली. आठवडाभरात सुमारे अडीच लाख लोकांनी नाव नोंदवलं. उत्साहाची कमतरता नव्हती. पण हातात द्यायला रायफली नव्हत्या, गणवेशाऐवजी दंडावर पट्टी होती आणि नोंदणी करायची पोलीस ठाण्यात, जिथे कुणाला काही सूचनाच नव्हत्या. त्या दलाला कामाचं होण्यासाठी महिने लागले. खाडी आणि नौदल मध्ये असल्यामुळे ब्रिटनला ते महिने मिळाले. फिनलंडला मिळाले नसते.

आता शस्त्रांकडे वळतो, कारण दलाने इथेही एक गोष्ट अशी केली जी सरकारने केली नव्हती. रशियन साम्राज्याचा वारसा म्हणून फिनलंडकडे मोसिन-नागां रायफली मोठ्या संख्येने होत्या. दणकट बंदूक, पण नेमबाजाला तिच्या तीन खोडी नडत. पहिली, झिजलेल्या नळ्या. दुसरी, मागच्या साइटवरची, म्हणजे नेम धरायच्या खाचेवरची, मापं. ती आर्शिन या जुन्या रशियन एककात, एक आर्शिन म्हणजे ७१ सेंटिमीटर, आणि सर्वांत खालची खूण ४०० ची. म्हणजे सुमारे २८५ मीटर. शंभर मीटरवरच्या माणसावर त्या खुणेने नेम धरला तर गोळी वरून जाते. जंगलात तर दोनशे मीटरच्या पुढे दिसतच नाही! तिसरी खोड मॅगझिनची, म्हणजे काडतुसं भरायच्या पेटीची. या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कडा असते. पाच काडतुसं एकावर एक बसताना वरच्याची कडा खालच्याच्या कडेच्या मागे अडकली की बोल्ट पुढे ढकलताना दोन्ही मिळून कोंडतात. मूळ रचनेत हे टाळायला एक स्प्रिंगची पट्टी आहे, ती घाणीने किंवा वाकल्याने बिघडते.

दलाने स्वतःचा शस्त्रकारखाना काढला. साको हे नाव आज शिकारी रायफलींसाठी जगभर माहीत आहे. ते या दलाच्याच शस्त्र आणि यंत्रशाळेचं संक्षिप्त नाव. दुरुस्तीच्या कामापासून सुरुवात झाली आणि १९२० च्या दशकाच्या अखेरीस कारखाना रीहिमाकीला गेला. तिथे मोसिनचा जुना सांगाडा ठेवून नवी, जाड नळी बसवलेली एम/२८ आणि त्यानंतर एम/२८-३० रायफल तयार झाली. एम/२८-३० मध्ये वर सांगितलेल्या खोडींना एकेक उत्तर आहे. साइट मीटरमध्ये, खालची खूण १५० मीटरची. चाप सुधारलेला, दाब सारखा येणारा. मॅगझिनची रचना बदलली आणि त्यावर ‘एच व्ही’ ही दोन अक्षरं ठोकली. ‘अडथळामुक्त’ या अर्थाच्या फिनिश शब्दाचं ते संक्षिप्त रूप. लाकडी दस्त्याच्या पुढच्या टोकात ॲल्युमिनियमची बाही बसवली. तिचं कारण समजून घेण्यासारखं आहे. लाकूड ओलाव्याने फुगतं, थंडीत आक्रसतं. ते नळीला एका बाजूने दाबू लागलं की त्याच बंदुकीचा नेम सकाळी एक आणि संध्याकाळी एक. बाहीमुळे नळी लाकडापासून मोकळी राहते आणि तापून लांबली तरी वाकडी होत नाही. १९३७ मध्ये जागतिक नेमबाजी स्पर्धा हेलसिंकीला भरली तेव्हा सैनिकी रायफलीच्या स्पर्धेत हीच रायफल होती. सिमो हायहा हा प्रसिद्ध नेमबाज सीमेजवळच्या राउत्यार्वी गावचा, दलातच तयार झालेला आणि युद्धात त्याच्या हाती हीच रायफल.

पण याच गोष्टीची दुसरी बाजू. नियमित सैन्यानेही त्याच काळात आपली वेगळी सुधारित मोसिन काढली, एम/२७. एका छोट्या देशात एकाच जुन्या बंदुकीची दोन वेगवेगळी रूपं, दोन सुट्या भागांचे साठे, दोन कारखान्यांची ओढाताण. दोघांनी एकत्र येऊन एम/३९ ही समाईक रायफल ठरवली खरी, पण १९३९ साल उजाडलं तोवर. युद्ध लागलं तेव्हा ती सैनिकांच्या हाती पोचलेलीच नव्हती. स्वतःचा पैसा असलेलं स्वयंसेवी दल चपळ असतं. त्याच स्वातंत्र्यामुळे ते सैन्याच्या शेजारी दुसरं सैन्य होऊ लागतं. ज्यांना असं दल उभारायचं आहे त्यांनी काडतूस, मॅगझिन आणि सुटे भाग या तीन गोष्टींत तरी पहिल्या दिवसापासून सैन्याशी एकी ठेवावी.

हलक्या मशिनगनबद्दल थोडं. लाहती-सालोरांता एम/२६ ही फिनलंडची स्वतःची. नेम उत्तम, पण नऊ किलोंच्या वर वजन, मॅगझिनमध्ये वीसच गोळ्या आणि आतले भाग इतके घट्ट जुळवलेले की घाण किंवा घट्ट झालेलं तेल तिला खपत नाही. उणे तीस अंशांत साधं बंदुकीचं तेल गोंदासारखं होतं. मागे येणारा बोल्ट मंदावतो, टरफल बाहेर फेकलं जात नाही आणि गन थांबते. त्यावर उपाय म्हणजे थंडीआधी सगळे भाग धुऊन जवळजवळ कोरडे ठेवायचे आणि बंदूक गरम तंबूत न्यायची नाही. आत नेली की तिच्यावर वाफेचं पाणी धरतं, बाहेर आणली की ते गोठतं. रात्री ती बाहेर, बर्फापासून झाकून ठेवायची. हे पुस्तकात एका ओळीत मावतं, पण हाताला सवय व्हायला हिवाळी सराव लागतो, आणि सक्तीच्या सैनिकी सेवेनंतर राखीव माणसाला सरकार फारसं परत बोलवत नव्हतं, पैसे नव्हते. ती पोकळी दलाच्या रविवारच्या सरावांनी भरली. मॅक्झिम मशिनगनच्या नव्या नमुन्यात, एम/३२-३३ मध्ये, पाण्याच्या आवरणाला मोठं झाकण दिलं होतं, त्यातून बर्फ कोंबता येई. वापरणाऱ्याची अडचण बनवणाऱ्यापर्यंत पोचली की असे बदल होतात.

खेळांचं थोडक्यात सांगतो. स्की आणि नेमबाजीच्या स्पर्धा हा दलाचा कणा होता. लाउरी पिहकाला यांनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला बेसबॉलवरून पेसापाल्लो हा खेळ घडवला आणि दलात रुजवला. अचूक फेक, झटक्यात धावणं, आडोसा गाठणं हे सगळं त्यात आहे.

आता लोट्टा. मला वाटतं, या संपूर्ण रचनेत सर्वांत नीट विचार केलेला भाग हाच. १९२१ मध्ये संघटना नोंदली गेली. १९२९ पासून अखेरपर्यंत फान्नी लुक्कोनेन या शिक्षिका तिच्या प्रमुख. कामाचे चार विभाग : वैद्यकीय, अन्न, कपडे व साहित्य, आणि निधी व कचेरी. शस्त्र नाही. राखाडी पोशाख, पांढरी कॉलर, कडक शिस्त. प्रत्येक सदस्येने एका विभागात नाव द्यायचं आणि त्याचं शिक्षण घ्यायचं. यामुळे ‘मदतीला आलेल्या शंभर बायका’ अशी गर्दी न होता, दोनशे माणसांचं जेवण करू शकणारी तुकडी, पट्ट्या बांधू शकणारी तुकडी, टंकलेखन करणारी तुकडी असं हाताशी येई. दोनशे माणसांचं जेवण हे घरच्या स्वयंपाकाला चाळीसने गुणून होत नाही. मोठ्या भांड्यात तळ लागतो, दाण्याला पाणी वेगळ्या प्रमाणात लागतं, उकळी यायला लागणारा वेळ आणि सरपण आधी मोजावं लागतं, आणि पाळीतल्या शेवटच्या माणसालाही गरम मिळालं पाहिजे. हे शिकायला दलाचे सराव आणि शिबिरं कामी आली. तिथली चूल लोट्टांच्या ताब्यात असे.

विमानांवर नजर ठेवणं हेही मोठ्या प्रमाणात त्यांच्याकडे होतं. लाकडी मनोरा, दुर्बीण, फोन. निरोपात काय हवं ते ठरलेलं : वेळ, दिशा, किती विमानं, किती उंचीवर, कुठल्या जातीची, कुठे चालली आहेत. एखादी बाब कळली नाही तर ती सोडायची, अंदाजाने भरायची नाही. एका ठाण्याच्या निरोपाला किंमत कमी. ओळीने तीन ठाण्यांचे निरोप आले की केंद्रात वेग आणि मार्ग काढता येतो आणि पुढच्या शहरात भोंगा वेळेत वाजतो. इथे बिघाड नेहमी थंडीचा. मनोऱ्यावरचा माणूस गारठला की त्याचं लक्ष आधी जातं आणि बोलणं नंतर, म्हणून पाळ्या छोट्या ठेवाव्या लागतात. त्यासाठी माणसं जास्त लागतात. स्वयंसेवी संघटनेकडे ती असतात.

आता सगळ्यांत अवघड बाब. हे दल सगळ्या देशाचं नव्हतं. १९१८ मध्ये ज्यांचे वडील, भाऊ छावण्यांत मेले, त्या कामगार कुटुंबांना सुओयेलुस्कुंता म्हणजे बंदूक घेतलेला विजेता. सोशल डेमोक्रॅट पक्ष देशात मोठा, पण त्याचे लोक दलात नाहीत. कारखान्यांच्या वस्तीत दलाची मुळं उथळ. १९३२ मध्ये तर भीती खरी ठरली. फेब्रुवारीच्या अखेरीस मान्त्साला इथे उजव्या लापुआ चळवळीच्या सशस्त्र लोकांनी समाजवाद्यांची सभा उधळली आणि बंडाचा पवित्रा घेतला. त्यांत दलाचे सदस्य होते. २ मार्चला राष्ट्राध्यक्ष स्विनहुफ्वुद रेडिओवरून बोलले, दलाच्या सदस्यांना घरी परतायला सांगितलं, आणि बहुतेकांनी ऐकलं. माल्मबेर्ग सरकारच्या बाजूने राहिले. रक्तपात टळला, पण घरात रायफल असलेल्या, एकाच राजकीय रंगाच्या लाख माणसांचं दल कुठल्या टोकाला जाऊ शकतं हे देशाने पाहिलं.

याचा सैनिकी तोटाही होता आणि तो फारसा कुणी मोजत नाही. क्षेत्रीय पद्धतीत रेजिमेंट जिल्ह्यातल्या सगळ्यांची असते. निम्मे सैनिक दलाच्या सरावांत तयार झालेले आणि निम्मे त्या सरावांपासून लांब ठेवलेले असले की एकाच खंदकात दोन पातळ्या तयार होतात. कामगारांची मुलं स्कीत किंवा नेमबाजीत कमी होती असं नाही. त्यांना संधी दिली गेली नव्हती. युद्ध चालू असताना, १५ फेब्रुवारी १९४० ला, सोशल डेमोक्रॅट पक्ष आणि दल यांच्यात समझोता झाला आणि पक्षाच्या सदस्यांना दलाचा दरवाजा उघडला. हे दहा वर्षं आधी व्हायला हवं होतं. या बाबतीत मला कुठलीही सबब पटत नाही.

१९३९ च्या उन्हाळ्यात, देशाच्या आग्नेयेला सोव्हिएत सीमेलगतच्या केरेलियाच्या संयोगभूमीवर तटबंदीचं काम निघालं. हजारो स्वयंसेवक, विद्यार्थी, कारकून, शेतकरी, सुट्टीत बिनपगारी खणायला गेले. जेवणाची बाजू लोट्टांनी सांभाळली. खंदक, तारा आणि रणगाड्यांना अडवायला ग्रॅनाइटच्या शिळांच्या रांगा. श्रम प्रचंड झाले, पण शिळांची उंची काही ठिकाणी कमी पडली. पुढे सोव्हिएत रणगाडे त्यांवरून चढले किंवा तोफांनी त्या फोडल्या. स्वयंसेवकांच्या घामाने आराखड्यातली चूक भरून निघत नाही. मोजमाप देणारा अभियंता प्रत्येक टोळीजवळ हवा.

५ ऑक्टोबरला मॉस्कोहून चर्चेचं बोलावणं आलं. दुसऱ्या दिवसापासून आडोशाच्या फौजा सीमेकडे निघाल्या आणि १४ तारखेला साऱ्या रणसैन्याला ‘जादा सराव’ या नावाखाली बोलावलं. जमवाजमव हा शब्द टाळला, चिथावणी नको म्हणून. जिल्ह्यांनी रेजिमेंट उभ्या केल्या. आणि मग उणिवा बाहेर आल्या. गणवेश पुरेनात. कित्येक राखीव सैनिकांना पट्टा, टोपीवरचा बिल्ला आणि रायफल एवढंच मिळालं, बाकी अंगावर घरचे कपडे. पंतप्रधान कायान्देर यांच्या नावावरून लोक त्याला ‘कायान्देर नमुना’ म्हणू लागले. दलाचे सदस्य मात्र स्वतः शिवलेल्या गणवेशात, बहुतेकदा स्वतःच्या स्की घेऊन आले, आणि तेवढा सरकारी साठा इतरांना पुरला. बायकांनी बर्फात लपायचे पांढरे अंगरखे शिवले. युद्ध सुरू व्हायला अजून सहा आठवडे होते. त्यांत तुकड्या एकमेकींना सरावल्या, खंदक खोल झाले, घोड्यांना नाल बसले.

जे दलाला देता आलं नाही तेही सांगतो. रणगाडाविरोधी ३७ मिलिमीटरच्या तोफा साऱ्या देशात शंभरच्या थोड्या वर. तोफगोळे अपुरे, विमानं कमी. ही तूट लोकवर्गणीने किंवा निष्ठेने भरून येणारी नव्हती. १९३० च्या दशकात दलाच्या कर्तबगारीकडे बोट दाखवून अंदाजपत्रकात कात्री लावणाऱ्यांनी हे लक्षात घेतलं नाही.

श्रोत्यांतून दोन प्रश्न आले. पहिला असा की सरकारने पगारी कारकून नेमून हेच काम करून घेतलं असतं तर? याद्यांपुरतं जमलं असतं. पण वर्षातून एकदा, तेही चार दिवस लागणाऱ्या कामासाठी गावोगाव पगारी माणूस ठेवणं कुठल्याच खजिन्याला परवडत नाही, आणि नेमबाजी, स्की, रात्रीचा निरोप हे पगाराने टिकत नाही. ते गावाच्या जगण्यात मुरलेलं असावं लागतं. सरकारने करायचं ते दुसरं : कायदा, शस्त्रांचा हिशोब, आणि दल कुठल्या एका पक्षाचं होणार नाही याची हमी.

दुसरा प्रश्न, या संघटनांचं पुढे काय झालं? सोव्हिएत संघाशी सप्टेंबर १९४४ मध्ये झालेल्या शस्त्रसंधीच्या अटींनुसार दोन्ही नोव्हेंबर १९४४ मध्ये बरखास्त झाल्या. ३ तारखेला सुओयेलुस्कुंता, २३ तारखेला लोट्टा स्वार्ड. साको कारखाना फिनिश रेडक्रॉसकडे गेला आणि त्यामुळे तगला. लोट्टांच्या स्वयंपाकघरांचा बराचसा सरंजाम आणि अनुभव घेऊन एक संस्था आणि तिची खानावळींची कंपनी उभी राहिली. उद्ध्वस्त भागांच्या पुनर्बांधणीत, कामावरच्या मजुरांना, तिथे पुढची काही वर्षं जेवण मिळत होतं.